डॅशबोर्डवरचे दिवे घरातल्या सगळ्यांना ओळखता यावेत



लग्नसराई, ईदची सुटी आणि फेब्रुवारीतला हजरत तुराबुल हक शाह यांचा उरूस. या दिवसांत आमच्या परभणीच्या रस्त्यांवर माणसांनी भरलेल्या गाड्या जास्त दिसतात. कुणाची गाडी स्वतःची, कुणाची मामूंकडून मागून आणलेली, तर कुणाची भाड्याची. पुढे अब्बा किंवा ड्रायव्हर, मागे अम्मी, दादी आणि मुले. गाडीत सहा-सात माणसे असली तरी गाडीचे कळते ते एकट्या चालवणाऱ्यालाच, असे आपण धरून चालतो. स्टिअरिंगच्या मागे लागलेला लाल दिवा शेजारच्यालाही दिसतो, मागून डोकावणाऱ्या मुलालाही दिसतो. पण "असेल काहीतरी" म्हणून गाडी पुढे जाते. या महिन्यात आम्ही त्या दिव्यांविषयी लिहीत आहोत.

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना आम्हाला एक शब्द नेहमी थांबवतो. तो म्हणजे 'इशारा'. उर्दूत इशारा म्हणजे खूण. डोळ्यांनी, हाताने काही सुचवणे. हाच शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ झाला धोक्याची पूर्वसूचना. डॅशबोर्डवरचे दिवे या दोन्ही अर्थांनी इशारे आहेत. ते चित्रांच्या खुणांनी बोलतात आणि बहुतेक वेळा नुकसान होण्याआधी बोलतात. ही चित्रे कंपनीगणिक फारशी बदलत नाहीत. त्यांच्यासाठी 'आयएसओ २५७५' नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. म्हणून ती एकदा शिकली की मारुती असो, टाटा असो की ह्युंदाई, सगळीकडे वाचता येतात.

आधी रंग ओळखा

चौथीच्या मुलालाही चौकातला सिग्नल माहीत असतो. इथेही तसेच आहे. लाल म्हणजे धोका. सुरक्षित जागा पाहून थांबा, किंवा निदान लगेच लक्ष द्या. पिवळा किंवा नारिंगी म्हणजे काहीतरी बिघडले आहे, गाडी सहसा चालेल, पण दाखवायला टाळाटाळ करू नका. हिरवा आणि निळा म्हणजे फक्त माहिती, अमुक गोष्ट चालू आहे एवढीच.

दुसरी गोष्ट रोज करता येण्याजोगी आहे. किल्ली फिरवल्यावर लगेच सेल्फ मारू नका. 'ऑन'वर दोन-चार सेकंद थांबा. बहुतेक सगळे दिवे एकदम लागतात. ही गाडीची हजेरी आहे असे समजा. काही दिवे आपोआप विझतात. ऑइल, बॅटरी आणि इंजिनचे दिवे गाडी चालू झाल्यावर विझतात. जो दिवा विझत नाही, त्याची तक्रार आहे. आणि हजेरीला जो दिवा लागलाच नाही, त्याचीही तक्रार आहे. एकतर त्याचा बल्ब गेला आहे, नाहीतर कुणीतरी तो बंद करून ठेवला आहे. बटनाने चालू होणाऱ्या गाडीत ब्रेक आणि क्लच न दाबता बटन दाबले की हीच हजेरी पाहता येते. काही गाड्यांत त्यासाठी बटन दोनदा दाबावे लागते.

लाल दिवे

ऑइलचा दिवा: जुन्या काळच्या तेलाच्या झारीसारखे चित्र आणि तिच्या तोंडाशी एक थेंब. हा दिवा इंजिन ऑइल किती आहे ते सांगत नाही, त्याचा दाब उतरला आहे हे सांगतो. फिरणारे लोखंड एकमेकांवर घासू नये म्हणून ऑइल दाबाने सगळीकडे पोहोचवले जाते. तो दाब गेला की मिनिटाभरातसुद्धा इंजिन जाम होऊ शकते. म्हणून गाडी चालू असताना हा दिवा लागला तर कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. गाडी सपाट जागी असावी. दहा मिनिटांनी बोनेट उघडून ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला आणि पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असेल तर योग्य दर्जाचे ऑइल घालून मगच गाडी चालू करून पाहा. ऑइल पुरेसे असूनही दिवा जात नसेल, तर गाडी टोचन करूनच न्यावी. 'हळूहळू नेतो' हा उपाय इथे चालत नाही.

गाडी गरम झाल्याचा दिवा: पाण्याच्या लाटांत उभा थर्मामीटर. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, त्यामुळे परभणीकरांनी हे चित्र आधी पाठ करावे. बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांत आता तापमानाचा काटा नसतो. त्याऐवजी इंजिन थंड असताना निळा आणि जास्त तापल्यावर लाल असा एकच दिवा दिसतो. सकाळी गाडी सुरू करताना निळा दिसला तर घाबरू नका, दोन-तीन किलोमीटरमध्ये तो जातो. लाल लागला तर एसी बंद करा, कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. थांबायला जागा मिळेपर्यंत काचा उघडून हीटर पूर्ण चालू केला तर इंजिनची थोडी उष्णता बाहेर निघते.

यानंतरची सूचना मुलांसमोर मोठ्याने वाचा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत उकळते पाणी दाबाखाली असते. झाकण सैल होताच ते चेहऱ्यावर आणि हातांवर उडते. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. मग प्लास्टिकच्या टाकीतल्या कूलंटची पातळी पाहा. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब मागच्या उन्हाळ्यात जिंतूर-मंठा मार्गाने जालन्याला निकाहसाठी निघाले होते. जिंतूर मागे पडले आणि मागे बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, "अब्बा, ये लाल बत्ती कायकू लगी?" निकाहची वेळ झाली होती. त्याला गप्प बसवले गेले. पुढे काही किलोमीटरवर बोनेटमधून वाफ निघाली आणि गाडी बंद पडली. भर दुपारी, सावली नसलेल्या जागी, साखरेचा आजार असलेली दादी आणि दोन लहान मुले तीन तास बसून राहिली. निकाह चुकला. इंजिनचे हेड उतरवावे लागले आणि त्याचा खर्च आहेरापेक्षा कितीतरी पट झाला. मिस्त्रीने सांगितले की कूलंटचा पाइप फुटला होता. दिवा लागताच थांबले असते तर काम तेवढ्या पाइपावर निभावले असते.

बॅटरीचा दिवा: चौकोनी डबा, वर अधिक आणि उणे. आपण समजतो बॅटरी उतरली. खरे तर गाडी चालू असताना हा दिवा लागला म्हणजे बॅटरी चार्ज होत नाही. अल्टरनेटर बिघडला किंवा त्याचा बेल्ट तुटला. गाडी साठलेल्या विजेवर थोडा वेळ चालेल. एसी, टेप, मोबाइलचा चार्जर बंद करा आणि जवळच्या गॅरेजकडे जा. वाटेत इंजिन बंद करू नका, पुन्हा चालू होईलच असे नाही. मात्र काही गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंप फिरवतो. म्हणून तापमानावर नजर ठेवा. तेही वाढू लागले तर थांबावेच लागेल. रात्री हेडलाइट ही वीज लवकर संपवतात. अशा वेळी झिरो फाट्यासारख्या वर्दळीच्या ठिकाणी मुक्काम बदललेला बरा, अंधाऱ्या रस्त्यावर पुढे जाऊ नये.

ब्रेकचा दिवा: गोलात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस. आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का ते पाहा. निम्म्या वेळा गोष्ट तिथेच संपते. हँडब्रेक सोडूनही दिवा असेल तर ब्रेक ऑइल कमी झाले आहे. ब्रेकची पॅड झिजली असतील किंवा कुठेतरी गळती असेल. पॅडल मऊ लागत असेल, खोल जात असेल, तर गाडी हलवू नका. पॅडल नेहमीसारखे टणक असेल तर हळू, अंतर ठेवून, फक्त जवळच्या मिस्त्रीपर्यंत जा. पिवळा 'एबीएस' दिवा एकटा लागला असेल तर साधा ब्रेक काम करतो, पण जोरात दाबल्यावर चाके घसरू शकतात. लाल ब्रेक आणि एबीएस दोन्ही एकदम लागले तर टोचनच.

एअरबॅगचा दिवा: बसलेला माणूस आणि समोर गोल फुगा. हा लागला म्हणून गाडी थांबत नाही, आणि म्हणूनच लोक वर्षानुवर्षे तो तसाच ठेवतात. त्याचा अर्थ असा की अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. पुष्कळदा कारण साधे असते. नवे सीटकव्हर घालताना किंवा सीट मागे-पुढे ओढताना सीटखालचा वायरींचा जोड सैल होतो. पण तो घरी ओढून-खेचून पाहू नका, जाणकारालाच दाखवा.

पिवळे दिवे

सगळ्यांत जास्त गोंधळ इंजिनच्या चित्राचा होतो. हा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल तर प्रवास पुरा करा, पण दोन-चार दिवसांत दाखवा. दिवा लुकलुकत असेल आणि गाडी धक्के देत असेल तर वेग कमी करा आणि लवकर थांबा. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. ते न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग निकामी करते.

गॅरेजमध्ये स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडतात. तो एक क्रमांक दाखवतो. उदाहरणार्थ 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही. हा क्रमांक तक्रार कुठे आहे ते सांगतो, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. कारण प्लग असेल, कॉइल असेल किंवा इंजेक्टर असेल. म्हणून "कोड आला, हा पार्ट बदलावा लागेल" असे कुणी म्हटले तर "कशावरून?" असे शांतपणे विचारा. क्रमांक कागदावर लिहून घ्या.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्या आल्या. त्यातल्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गावातल्या गावात, शाळा-बाजार एवढीच गाडी फिरवली तर तो भरतो आणि त्याचा पिवळा दिवा लागतो. अशा वेळी गाडी मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटे चालवली की काजळी जळून जाते. वेग किती ठेवायचा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. परभणीहून गंगाखेडच्या दिशेला एक चक्कर मारली तरी काम होते. डिझेल गाडीतच गुंडाळलेल्या तारेचे एक चित्र असते. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा ते चित्र विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारावा.

घोड्याच्या नालेसारखे चित्र आणि मधे उद्गारचिन्ह म्हणजे टायरमधली हवा कमी. जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. लांब सिमेंटचा रस्ता, कडक ऊन आणि सतत मोठा वेग, यात कमी हवेचे टायर जास्त तापते आणि फुटू शकते. हवा प्रवासाआधी, टायर थंड असताना भरावी. किती भरायची तो आकडा चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवर लिहिलेला असतो.

पेट्रोल पंपाचे चित्र सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या बाजूचा छोटा बाण मात्र फार कमी लोकांनी पाहिलेला असतो. टाकीचे झाकण गाडीच्या कोणत्या बाजूला आहे, ते तो बाण दाखवतो. मागून आणलेली गाडी पंपावर उलट्या बाजूने लावणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

निळा दिवा म्हणजे हेडलाइटचा अप्पर चालू आहे. दिवा बिघाडाचा नाही, पण समोरच्याचे डोळे दिपवणारा आहे. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॉल्या असतात. समोरून वाहन येताना निळा दिसत असेल तर डिप्पर करा.

इशाऱ्याचे तोंड बंद करू नका

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो. दिवा लागला की त्याचा त्रास वाटतो, आणि मग आपण बिघाडाऐवजी दिव्यालाच बंद करू पाहतो.

१ जुलै २०१९ पासून आपल्याकडे बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये चालकासाठी एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण देणारा आवाज, आणि ताशी ८० किलोमीटरच्या पुढे वेगाची सूचना सक्तीची झाली. ८० ओलांडल्यावर अधूनमधून आणि १२० ओलांडल्यावर सतत वाजणारा तो आवाज बिघाड नाही, हे आधी लक्षात घ्या. बेल्टचा आवाज नको म्हणून लोकांनी काय केले? बेल्टच्या खाचेत घालायची लोखंडी क्लिप विकत घेतली. गाडीला वाटते बेल्ट लावला आहे, आवाज बंद. या क्लिपा एवढ्या खपू लागल्या की मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना त्या विक्रीतून काढण्याचे आदेश द्यावे लागले. त्याच्या आठ महिने आधी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला होता. गाडी महागडी होती, एअरबॅगही होत्या. मागच्या सीटवरच्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता आणि ते दोघेही गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. तुमच्या गाडीत ती क्लिप असेल तर आजच काढून टाका.

जुनी गाडी घेतानाही हेच पाहायचे असते. आपल्या घरांत जुनी गाडी घेण्याचे प्रमाण बरेच आहे, त्यात गैर काही नाही. पण विकणारा कधी बल्ब काढून ठेवतो, कधी स्कॅनरने कोड पुसून दिवा तात्पुरता घालवतो. विकताना मालातला ऐब लपवू नये, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. विकणाऱ्याने ते पाळावे, आणि घेणाऱ्याने खात्री करून घ्यावी. पैसे देण्याआधी किल्ली 'ऑन'वर ठेवून हजेरी घ्या. ऑइल, इंजिन, एअरबॅग, एबीएस हे दिवे आधी लागतात आणि मग जातात का ते पाहा. मग स्वतःच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून स्कॅन करून घ्या. कोड नुकताच पुसला असेल तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण असल्याचे स्कॅनर दाखवतो. बॅटरी काढल्यावरही तसे दिसते, म्हणून विकणाऱ्यावर आरोप न करता गाडी दोन-तीन दिवस चालवून पुन्हा स्कॅन करू देण्याची अट घाला.

'थांबा' म्हणण्याचा हक्क

जिंतूरच्या पुढे त्या मुलाने दिवा सगळ्यांच्या आधी पाहिला होता. त्याला उत्तर मिळाले असते तर दादी उन्हात बसली नसती. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर असते, आणि ती तिथेच असावी. वेळेची घाईही त्यालाच जास्त असते. लोक वाट पाहत असतात, परभणी जंक्शनवर गाडी पकडायची असते. म्हणून शेजारी बसलेल्याने अधूनमधून डॅशबोर्ड पाहावा. लाल दिवा दिसला तर अम्मीने, मुलीने, कुणीही "थांबा" म्हणावे, आणि चालवणाऱ्याने त्याचा राग मानू नये. भाड्याच्या गाडीतही हे लागू आहे. "ड्रायव्हर भाई, ते लाल काय लागले आहे? जरा बाजूला घेऊन बघता का?" एवढे विचारायला भीड वाटायचे कारण नाही. पैसे गाडीमालकाचे असतील, पण आत बसलेली माणसे आपली आहेत.

थांबल्यावर धोक्याचे चारही इंडिकेटर लावा. लाल त्रिकोण पन्नास पावले मागे ठेवा. मुलांना आणि वडीलधाऱ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर, सावलीत बसवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठेही तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. उन्हाळ्यात गाडीत पिण्याचे पाणी नेहमीपेक्षा दोन बाटल्या जास्त ठेवा.

गाडीची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतच राहते. या रविवारी ती बाहेर काढा. घरातल्या मोठ्या मुलीला किंवा मुलाला दिव्यांचे पान उघडून द्या. प्रत्येक चित्र वहीत काढायला सांगा आणि शेजारी घरात बोलतो त्या भाषेत, उर्दूत किंवा मराठीत, अर्थ लिहायला सांगा. लाल पेन, पिवळे पेन, हिरवे पेन. मग तो कागद गाडीतच, सन व्हायझरच्या मागे अडकवा. एक तासाचे काम आहे. ईदच्या प्रवासाआधी ते झाले तर बरे.

अल्लाह आपल्या सगळ्यांचा प्रवास सलामतीचा करो.